पाणी होते, पण वाट नव्हती

मित्रांनो, जळकोटकडच्या माळावर, बोरी-बाभळींच्या मधोमध जमिनीत बसवलेला एक जुना सिमेंटचा पाणवठा म्हणजे मी. हरणांच्या पाडसांनाही वाकून पिता यावे म्हणून मला परातीसारखे उथळ केले आहे.

हा माळ राखीव जंगल आहे. मला बांधले वनमजूर निवृत्तीने. त्याची बायको सरजाबाई हिने माझ्या ओल्या कडांवरून हात फिरवून त्या गुळगुळीत केल्या. पहिल्यांदा पाणी भरले त्याच संध्याकाळी काळविटांचा कळप आला आणि माना खाली घालून पोटभर प्यायला. आपण कशासाठी जन्मलो ते मला तेव्हा कळले.

पुढे लातूर हा नवा जिल्हा झाला. माळापर्यंत खडीची सडक आली. सुट्टीच्या दिवशी लोक जंगल बघायला येऊ लागले. माझ्या काठावर डबे सोडत, मोर दिसला की हरखून जात. मलाही त्यांची सोबत आवडे.

मग पावसाने ओढ दिली. ओढे आटले, आणि साऱ्या माळावर पाणी उरले ते फक्त माझ्यात. निवृत्ती गावच्या हातपंपावरून बैलगाडीत पिंप भरून आणी. माणसांनाच पाणी नाही आणि तुम्ही हरणांना नेता, असे बाया सरजाबाईला बोलत. ती आपल्या घरची एक घागर कमी भरी.

त्या उन्हाळ्यात एका रविवारी अमृतराव आले. लातूरच्या नव्या कचेरीत ते साहेब होते. माणूस भला, मुलांना हरणे दाखवायची म्हणून मुद्दाम जीप काढून आले होते. माझ्या अगदी काठाला सतरंजी अंथरून सगळे बसले. दिवस कलला, तसा निवृत्ती हात जोडून जवळ आला.

"साहेब, जनावरं झाडीत उभी हायत. तुम्ही उठल्याबिगर ती पाण्याला यायची न्हाईत."

"अरे, आम्ही त्यांना काय करणार आहोत? नुसतं बघायचंय. जरा बसू दे पोरांना."

निवृत्ती मागे सरला. मला झाडीतले कान दिसत होते. एक मादी धीर करून पुढे आली. मुले आनंदाने ओरडली आणि ती माघारी पळाली. अंधार पडल्यावर जीप गेली, पण तोवर कळप पाण्याच्या शोधात शेतांकडे निघून गेला होता.

सकाळी ती मादी एका कठडा नसलेल्या विहिरीत सापडली, हे मला पुढे निवृत्तीच्या बोलण्यातून कळले. तळाशी नुसता चिखल होता. निवृत्तीने दोर लावून तिला वर काढले, तेव्हा तिच्यात जीव नव्हता. सरजाबाईने तिची दुधाने भरलेली कास पाहिली.

"हिचं लेकरू कुठंतरी वाट बघून राहिलंय," ती म्हणाली.

दोघांनी माळ पालथा घातला. वाळल्या गवतात दडून बसलेले पाडस दुपारी सापडले. सरजाबाईने कापडाच्या बोळ्याने त्याला शेळीचे दूध पाजून पाहिले. त्याने तोंड फिरवले. दुसऱ्या दिवशी तिच्या मांडीवरच ते गेले.

पुढच्या रविवारी अमृतराव पुन्हा आले. निवृत्तीने त्यांना सगळे सांगितले. मग त्यांनी जीप पार सडकेपाशी नेऊन उभी केली आणि मुलांना म्हणाले, "इथूनच बघायचं. आवाज करायचा नाही."

सूर्य बुडेपर्यंत ती मुले श्वास रोखून बसली. माझे पाणी काठोकाठ भरलेले होते. कोणीच आले नाही. तो कळप त्या उन्हाळ्यात माझ्याकडे फिरकलाच नाही.

मित्रांनो, जंगलात जरूर या. झाडे बघा, पाखरे ऐका. पण ऊन उतरले की पाण्याजवळून उठा आणि लांब जा. तुम्हाला हरीण दिसले नाही तरी चालेल. त्याला पाणी दिसले पाहिजे.