बेकरीच्या फळ्यावरचं शून्य

मी एक जुना लाकडी फळा आहे. मित्रांनो, हसू नका. रंग उडालाय, एक कोपरा तुटलाय, पण ऐकू अजून चांगलं येतं आणि बोलायची हौस तर मुळीच कमी झालेली नाही.

सुतारानं मला बनवलं ते शाळेसाठी नव्हे, बेकरीसाठी. दारात मला टांगत. सकाळी माझ्यावर लिहीत ‘गरम पाव तयार’ आणि दुपारी ‘पाव संपला’. काय तो माझा रुबाब! धावतपळत आलेली माणसं मला वाचून हिरमुसायची, आणि पाव खाल्ला दुसऱ्यांनी तरी शिव्या मला बसायच्या. पुढे दिव्यांची पाटी आली. माझी रवानगी माडीवर मैद्याच्या पोत्यांमागे झाली. तिथं मी तोंड भिंतीकडे करून वर्षानुवर्षं उभा होतो. विचारपूस करायला फक्त झुरळं यायची.

मग एक दिवस कॉलेजची काही मुलं बेकरीवाल्या काकूंकडे आली. वस्तीतल्या मुलांना संध्याकाळी फुकट शिकवायचं होतं, जागा मिळत नव्हती. काकू तोंडानं फटकळ, पण मनानं लोणी. “माडीवरची पोती सरकवा आणि बसा,” त्या म्हणाल्या. “पण मैदा सांडलात तर गाठ माझ्याशी आहे हं!”

पोती सरकवताना मी सापडलो. त्यांच्यातल्या एका मुलीनं पिशवीतला जुना पायमोजा काढून मला पुसलं. मोज्याला वास होता, खोटं कशाला बोलू? पण इतक्या वर्षांनी कुणाचा तरी हात अंगावरून फिरला होता. मला भरून आलं. सगळी मुलं तिला ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो.

ताईच्या वाट्याला आली भिंगरी. ही पोरगी एका जागी बसेल तर शपथ! ती गणितात नापास झाली होती. फेरपरीक्षेत पास झाली तर शाळा चालू, नाहीतर मावशीबरोबर कारखान्यात पाकिटं भरायला जायचं, असं घरात ठरलं होतं. भिंगरीला शाळा सोडायची नव्हती. ती हे कुणाला सांगत नसे, पण ताई यायच्या आधीच जिन्यात येऊन बसायची.

ताई गणितात हुशार आणि अक्षर मोत्यासारखं. ती माझ्यावर झरझर भागाकार सोडवायची. “समजलं?” असं विचारायची. “समजलं!” म्हणत भिंगरी ते वहीत उतरवून घ्यायची. वही कशी देखणी दिसायची! मीही फुशारून गेलो होतो. पण शाळेत सराव परीक्षा झाली आणि भिंगरीचे सगळे भागाकार चुकले.

दुसऱ्या दिवशी तिची आई कामावरून तशीच माडीवर आली. माझ्याकडे बघून म्हणाली, “ताई, राग मानू नका. पण इथली गणितं सगळी तुम्हीच सोडवता. परीक्षेलाही तुम्हीच बसणार का?”

ताईचा चेहरा पडला. ती एवढंच म्हणाली, “चुकलं माझं.”

तेव्हापासून खडू भिंगरीच्या हातात आला आणि ताई हात पाठीमागे बांधून उभी राहू लागली. बिचारीची काय तगमग व्हायची! भिंगरीनं सहाशे बाराला सहानं भागलं आणि उत्तर लिहिलं बारा. ताईचा हात खडूकडे निघाला, पण तिनं तो मागे घेतला.

“मधे शून्य का नाही दिलंस गं?”

“शून्य म्हणजे काहीच नाही ना? मग लिहायचं कशाला?”

इतके दिवस हे ताईनं विचारलंच नव्हतं!

“बरं. सहा घरांत बारा-बारा पाव दिलेस. एकूण किती झाले?”

“बारा सक बहात्तर.”

“आणि काकूंनी तर सहाशे बारा भाजले होते. बाकीचे कुठे गेले?”

“उंदरांनी खाल्ले!” भिंगरी खिदळली. मग माझ्याकडे टक लावून बघत राहिली. स्वतःच मोज्यानं पुसलं आणि एक आणि दोनच्या मधे हे भलं मोठं शून्य काढलं. “काहीच नसलं तरी त्याची जागा राखायला हवी ना गं, ताई?”

म्हणजे सगळं सुरळीत झालं असं नाही. त्यानंतरही चुका होत्याच. माझ्यासारख्या रुबाबदार फळ्याच्या अंगावर इतकी गिचमीड! पण ती गिचमीड तिची होती. हळूहळू ती कमी होत गेली.

फेरपरीक्षेचा निकाल घेऊन भिंगरीची आईच आली. जिना चढून तिला धाप लागली होती. “पास झाली,” ती म्हणाली. “येतानाच मावशीच्या घरी जाऊन आले. सांगून आले, पोरीची वाट बघू नकोस म्हणून.” एवढी कॉलेजात शिकणारी ताई, पण लहान मुलीसारखी रडली. मागोमाग वर आलेल्या काकूंनी पदरानं डोळे टिपले आणि मैदा डोळ्यात गेला म्हणाल्या.

मित्रांनो, मला अडगळीतून काढणाऱ्या त्या मुलांचे उपकार मी कसे फेडू? तुम्ही मला कोरड्या फडक्यानं पुसा, ओलीत ठेवू नका. आणि कुणाला शिकवायला उभे राहिलात, तर आधी खडू त्याच्या हातात द्या. चुकू दे त्याला. अंगभर चुका घेऊन उभं राहायला मी आहे ना!