कामशेतच्या चौकातला फ्लेक्स

कामशेतच्या चौकात फ्लेक्स लागायला फार मोठं कारण लागत नाही. कुणाचा वाढदिवस असला तरी पुरतो. त्यामुळे जावेदचा फ्लेक्स लागला तेव्हा निदान एक तरी खऱ्या कर्तबगारीचा लागला, असं म्हणायला हरकत नव्हती. ‘राष्ट्रीय ड्रिफ्टिंग विजेता, कामशेतची शान’. खाली पुढाऱ्यांचे सात फोटो. त्यांतल्या एकालाही ड्रिफ्टिंग म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

फ्लेक्स लावला होता वडिवळ्याच्या निलेशने, जावेदच्या शाळेपासूनच्या दोस्ताने, पदरचे पैसे घालून. पण खरा बदल झाला तो जावेदच्या अब्बांत. अब्बांचं, म्हणजे गावाच्या अल्लाउद्दीनचाचांचं, चौकातच पंक्चरचं दुकान. जन्मभर टायर जोडून खाणारा माणूस, आणि पोराचा खेळ म्हणजे भर वेगात गाडी आडवी घसरवायची आणि टायर जाळायचे. लोणावळ्यात टुरिस्टांची गाडी चालवून मिळालेलं सगळं जावेद त्या धुरात घालवी. अब्बा पाच वर्षं त्यावर एक अक्षर चांगलं बोलले नव्हते. आता मात्र हवा भरता भरता गिऱ्हाइकाला वर बोट दाखवून सांगत, “त्यो आमचा जावेद.”

जावेदचं लक्ष त्या फ्लेक्सच्या पलीकडे होतं. थायलंडला आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. देशात पहिला आला, आता बाहेर उतरायचं, इतका सरळ हिशेब. त्यासाठी मोटारशर्यतींच्या महासंघाचा परवाना लागतो म्हणून त्याने तिथल्या प्रदीपसाहेबांना फोन लावला.

“तुम्ही जिंकलात ती मालिका आमच्या मान्यतेची नाही,” साहेब म्हणाले. “खाजगी लोकांनी भरवलेली. ते जिंकणं आम्ही धरत नाही.”

“बरं, नका धरू. मग नव्याने परवाना द्या.”

“तो देता येत नाही. मान्यता नसलेल्या स्पर्धेत गाडी चालवली की एक वर्ष बंदी.”

जावेदला आधी वाटलं, आपल्याच ऐकण्यात गडबड झाली. जिंकलेलं धरत नाहीत आणि चालवलेलं तेवढं धरतात! देशात दुसरी मालिका असती तर तो तिकडे गेला नसता का? पण ती महासंघाने काढलीच नव्हती.

साहेब मनाने वाईट नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं. आवाज खाली आणून म्हणाले, “तुम्ही त्यात उतरला नव्हता, नुसते बघायला गेला होता, असं लिहून द्या. मी बघतो. आणि तो फ्लेक्स काढा. शनिवारी लोणावळ्याला जाताना मलाच दिसला.”

जावेदने लिहून दिलं. मोबाइलमधले व्हिडिओ स्वतःच पुसले. आयोजकाने तर महासंघाची नोटीस येताच आपले सगळे व्हिडिओ नेटवरून आधीच उतरवले होते. मग भर बाजाराच्या दिवशी शिडी लावून तो आपलाच चेहरा सोडवायला चढला.

खाली निलेश येऊन उभा राहिला. “का रं काढतोस? माझं काय चुकलं का?”

“चुकीचं छापलंय,” जावेद म्हणाला. बाजारात बोललेलं संध्याकाळपर्यंत साहेबांच्या कानावर जाईल, या धास्तीने तो याहून जास्त काही बोलला नाही. निलेश शिडी धरायला थांबला नाही. अब्बा दुकानातून बघत होते.

आठवड्याने साहेबांचा फोन आला. फ्लेक्सचा फोटो कुणीतरी वर पाठवला होता. आता बंदी दुहेरी, एक वर्ष चालवल्याची आणि एक वर्ष खोटं लिहून दिल्याची. थायलंडला कोण जाणार, हेही त्यांनी सांगितलं. महासंघाने घाईघाईने स्वतःची मालिका उरकली होती. गाड्या आल्या तीन, त्यांतली एक सुरूच झाली नाही. उरलेल्या दोघांत जो पहिला आला तो देशाच्या नावाने जाणार होता.

जावेदला फोन आपटावासा वाटला, पण हप्ते बाकी होते. तो तडक दुकानात आला. काढलेला फ्लेक्स अब्बांनी जुन्या टायरांवर झाकायला टाकला होता, छपाईची बाजू आत. चौकात कुजबुज चालू होतीच, चाचाच्या पोराने गावाला बनवलं म्हणून. जावेदने पहिल्यापासून सगळं सांगितलं. महासंघ, बंदी, आणि आपण काय लिहून दिलं तेही.

अब्बांनी पाण्यात बुडवलेली ट्यूब बाहेर काढली.

“तू गाडी चालवलीच न्हाई, आसं लिहून दिलंस?”

“व्हय.”

“आन् आमाला सांगितलंस, पैला आलो.”

“अब्बा, कप हाय घरात.”

“कप हितं बाजारात बी मिळत्यात.” ट्यूबवरचं पाणी झटकत ते म्हणाले, “त्यो व्हिडिओ दावला व्हतास, त्यात मला धुराबिगर काय दिसलं न्हवतं. खरं सांग, पोरा. खोटं कुनाला बोललास? त्यास्नी का मला?”

“त्यास्नी, अब्बा. तुमाला न्हाई.”

‘ट्यूब कालच नवी टाकली’ असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकापुढे, पटलं नसताही, हलवावी तशी अब्बांनी मान हलवली, आणि ट्यूब पुन्हा पाण्यात दाबून ते बुडबुडे शोधू लागले.