सुंगबाईंचा सीन

"हलू नका ना, भुवई उडेल!" सुवर्णा म्हणाली, पण दोऱ्याचं टोक दातांत धरलेलं असल्यामुळे ते ना धड इंग्रजीत उमटलं ना मराठीत. खुर्चीतल्या सुंगबाई आपल्या बोलतच राहिल्या. मान मागे टाकलेली, डोळे मिटलेले, दोन बोटांनी स्वतःचीच पापणी ताणून धरलेली, आणि तोंड चालू.

"येत्या रविवारी. चायनाटाउनच्या हॉलमध्ये, दुपारी दोनला. माझा पिक्चर दाखवणार आहेत."

सुवर्णानं दोरा सोडला. "तुमचा?"

"एकोणीसशे छप्पनचा. सुंग यू-लान. माझं नाव तिसरं येतं. येशील तू बघायला?"

पलीकडे मेंदीचे कोन रचत बसलेली मीनाक्षी मराठीत पुटपुटली, "जा बाई, जा. हिरॉइननं आमंत्रण दिलंय. ऑटोग्राफ आण माझ्यासाठी." मीनाक्षी पार्लरची मालकीण. मूळची डोंबिवलीची, पण शिकागोत वीस वर्षं काढलेली, आणि जिभेला हाड नाही.

डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या त्या पार्लरात यायच्या त्या सगळ्या आपल्याकडच्या बायका. चिनी अशा एकट्या सुंगबाईच. दोन वर्षांपूर्वी त्या किराणा घेऊन बस स्टॉपकडे चालल्या होत्या, काचेतून त्यांना सुवर्णा दातांत दोरा धरून कुणाच्या तरी तोंडावर वाकलेली दिसली, आणि पिशवीसकट त्या सरळ आत आल्या. "आमच्याकडेही असंच करतात," त्या म्हणाल्या. "शांघायच्या स्टुडिओत एक म्हातारी होती. शूटिंगच्या आधी आमच्या तोंडावरून दोरा फिरवायची. मी फिल्म ॲक्ट्रेस होते." तेव्हापासून दर गुरुवारी, अकराच्या ठोक्याला, बाई हजर. वय एकाहत्तर. भुवईत उपटण्यासारखे केस मोजून आठ-दहा. खरं तर त्या दोऱ्यासाठी येतच नव्हत्या. कुणीतरी तोंडाला हात लावावा म्हणून येत होत्या. हे सुवर्णाला कळत होतं, कारण तिलाही घरी गेल्यावर कुणी हात लावणारं नव्हतं.

पण ते फिल्म ॲक्ट्रेस वगैरे? छे! सुवर्णाचा काडीचाही विश्वास नव्हता. तिचा तरी काय दोष? इथं येऊन माणूस कुणीही होऊ शकतो, विचारायला कोण बसलंय! खुद्द सुवर्णानं नागपूरला आईला काय सांगून ठेवलं होतं? पार्लर माझं स्वतःचं आहे, आणि हे शिफ्टवर गेलेत. नवऱ्याला, गिरीशला, ह्यूस्टनला निघून जाऊन दीड वर्ष झालं होतं. फोन नाही, पत्र नाही. आणि दर रविवारी आई विचारायची, "जावईबापू कुठे आहेत गं?" आणि ही म्हणायची, "शिफ्टवर." स्वतः एवढ्या सराईतपणे थापा मारणाऱ्या बाईला दुसऱ्याची थाप लगेच ओळखू येते, असं तिला वाटत होतं.

तरी ती हो म्हणाली. रविवारी दुसरं होतं काय तिला? धुणं, आणि आईचा फोन.

रविवारी सुंगबाई ठेवणीतलं निळं रेशमी जॅकेट घालून, लिपस्टिक लावून स्टॉपवर उभ्या होत्या. ऑक्टोबरचा बोचरा वारा सुटला होता तरी डोक्याला स्कार्फ बांधलेला नव्हता, केस दबतील म्हणून. एकशे पंचावन्न नंबरची बस, मग रेड लाइन. गाडीत त्या मुलाबद्दल बोलल्या. मुलगा ॲरिझोनात चँडलरला, चिप बनवायच्या कारखान्यात मोठा इंजिनीअर.

"त्याला म्हटलं, ये. विमानाचं तिकीट काढ. एकदा बघ तरी तुझी आई काय करायची ते. तो म्हणाला, मा, ते उकरू नकोस. तो शेजाऱ्यांना सांगतो, मी शाळेत शिकवायचे."

"असं का?"

"त्याचा जन्म डुकरांच्या गोठ्याशेजारी झाला म्हणून." बाईंनी मांडीवरची पर्स सरळ केली. "सत्तावन्न साली स्टुडिओत मीटिंग झाली. मनात असेल ते मोकळेपणानं बोला, पक्षाचे लोक म्हणाले. मी म्हटलं, कुठली गोष्ट करायची ते डायरेक्टरला ठरवू द्या. बस, एवढं एकच वाक्य. त्याची शिक्षा म्हणून बावीस वर्षं मी शेतावर डुकरं राखली. मुलाच्या दृष्टीनं पिक्चर म्हणजे डुकरं. त्यानं तो बघितलाच नाही कधी. माझ्या आत्ताच्या आयुष्यातल्या कुणीच मला पडद्यावर बघितलं नाही. आज तू बघशील."

सुवर्णानं नजर खिडकीकडे वळवली. हे खोटं निघालं तर बाईंच्या तोंडाकडे बघायचं कसं?

हॉल म्हणजे घडीच्या खुर्च्या आणि एक पडदा. तीस-चाळीस म्हातारे-म्हाताऱ्या थर्मासमधला चहा पीत, सूर्यफुलाच्या बिया सोलत बसले होते. कुणी सुंगबाईंना ओळखलं नाही. त्या तिसऱ्या रांगेत ताठ बसल्या. सुवर्णाला चिनी वाचता येत नव्हतं, पण तिनं आपली एक युक्ती काढली होती. बाईंच्या डाव्या भुवईच्या टोकाशी एक भोवरा होता, तिथले केस उलटे वाढायचे. त्या भोवऱ्यानं तिला दोन वर्षं छळलं होतं. चेहरा पन्नास वर्षांत बदलतो, भोवरा कुठं जातो? तो दिसला की बाई खऱ्या.

पांढऱ्या अक्षरांत नावं आली. सुंगबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. तोवर नावं संपली होती.

मोठ्या डोळ्यांची एक सुंदर मुलगी चरख्यावर बसलेली दिसली. सुवर्णानं कोपर लावलं. "तुम्ही?"

"नाही, ती हिरॉइन. मी तिची जाऊ. थांब, अजून वेळ आहे."

सुवर्णा प्रत्येक बाईच्या भुवया बघत बसली. पातळ, जाड, कोरलेल्या, पेन्सिलनं ओढलेल्या. भोवरा कुठेच नव्हता. मग तिची नजर शेजारी गेली. सुंगबाईंचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. पडद्यावरचं माणूस बोलायच्या किंचित आधी ते वाक्य त्यांच्या ओठांवर येत होतं. म्हाताऱ्याचं, पोराचं, हिरॉइनचं, सगळ्यांचं. अगं बाई, सुवर्णाच्या मनात आलं, हिला तर अख्खा पिक्चर पाठ आहे!

पडद्यावर नदी आली. संध्याकाळ, धक्का, काठाला बांधलेली बोट. सुंगबाईंनी सुवर्णाचं मनगट घट्ट धरलं. "आता."

आणि एकदम कारखान्याचं फाटक दिसलं. झेंडे, भोंगा, टाळ्या वाजवणारी माणसं.

बाईंचे ओठ थांबले नाहीत. पडद्यावर भोंगा वाजत होता आणि बाई नदीवरच होत्या. कारखान्यातलं कुणी बोलत होतं तेव्हा त्या गप्प, ते गप्प झालं की यांचे ओठ हलत. मधेच त्या किंचित हसल्या. मग हनुवटी खाली आली. तीन-चार मिनिटं असं चाललं. सुवर्णानं पडद्याकडे बघायचं सोडूनच दिलं. शेवटी ओठ मिटले ते पिक्चर संपेपर्यंत पुन्हा हलले नाहीत. मनगट मात्र त्यांनी सोडलं नाही.

दिवे लागले. कार्यक्रम ठेवणारे गृहस्थ थर्मास घेऊन आले, हसून काहीतरी बोलले. बाई उठून उभ्या राहिल्या, मान झुकवून उत्तर दिलं.

"काय म्हणाले ते?" सुवर्णानं विचारलं.

"पिक्चर आवडला का, विचारत होते. मी म्हटलं, कॅमेरामननं काम चांगलं केलंय."

"अहो, मग सांगा ना त्यांना!"

"काय सांगू? जी दिसली नाही ती मी, असं?"

परतीच्या गाडीत बाईंनी खिडकीजवळची जागा धरली. मग बाई खिडकीकडे बघतच म्हणाल्या, "कापलं. माझ्यावर पक्षविरोधी असा शिक्का बसला तेव्हाच कापलं असणार. नावासकट. मला कुणी सांगितलं नाही. डुकरांना खाणं घालताना मला वाटायचं, असू दे, कुठल्या तरी गावात तंबू लावून लोक मला बघत असतील." त्यांनी पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. "बावीस वर्षं मी त्यावर काढली गं."

सुवर्णाला रडू आवरेना. "मला तुमचं खोटं वाटत होतं," ती म्हणाली.

"माहीत आहे. तुम्ही दोघी हसता ते कळतं मला. भाषा नाही कळली तरी हसणं कळतं." मग थोड्या वेळानं, "डायरेक्टर गेला. पिक्चरमध्ये जो माझा नवरा झाला होता तोही गेला. आता तो सीन बघितलेली मी एकटीच."

"काय होतं त्यात?"

बाई खिडकीकडून तिच्याकडे वळल्या. मग त्या सांगू लागल्या. फुलर्टन स्टेशनला गर्दी चढली, एक पोरगी गिटार घेऊन त्यांच्या गुडघ्यांशी उभी राहिली, तरी त्या थांबल्या नाहीत.

त्या रात्री आईचा फोन आला. "जावईबापू कुठे आहेत गं?" सुवर्णाच्या तोंडून 'शिफ्टवर' निघेना. ती म्हणाली, "आई, मी आज पिक्चरला गेले होते. मैत्रिणीबरोबर." आई म्हणाली, "बरं झालं, जात जा अशी," आणि सुवर्णानं सांगितलेलं तेवढं तरी खरं होतं.

मीनाक्षीनं मंगळवारीच विचारलं, "काय गं, दिसली का तुझी हिरॉइन?" "सांगते नंतर," म्हणून सुवर्णानं विषय टाळला. बुधवारीही तेच.

गुरुवारी अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. सुवर्णा चार वेळा दारापर्यंत जाऊन आली. साडेअकराला बाई आल्या. जुना करडा कोट, लिपस्टिक नाही. खुर्चीत बसल्या, मान मागे टाकली, डोळे मिटले.

पार्लर भरलेलं होतं. आज मीनाक्षी मराठीत पुटपुटली नाही, सगळ्यांना ऐकू जाईल अशा इंग्रजीत तिनं विचारलं, "काय मग, सुवर्णा? बाई होत्या का पिक्चरमध्ये?"

ओळीनं बसलेल्या बायकांनी माना वर केल्या. पापणीवरची सुंगबाईंची बोटं स्थिर झाली.

सुवर्णानं दातांतला दोरा काढला. "होत्या ना!" ती इंग्रजीतच म्हणाली. बाईंना समजायला हवं होतं. "होत्या म्हणजे काय, त्यांचाच तर सीन सगळ्यात भारी! अगं, नदी असते. नवरा लढाईवर चाललेला असतो. तो परत यायचा नाही हे हिला ठाऊक, त्याला नाही. ही गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरते. थंडी अशी की नऊ वेळा टेक झाला, पाय निळे पडले. तो बोटीतून ओरडतो, दिवा वर धर, तुझं तोंड दिसू दे! ही दिवा वर धरते. हसते. जेवढं हसवतं तेवढं हसते. आणि डोळे भरून आले ना, की हळूच दिवा खाली घेते. त्याला वाटतं, वाट दाखवतेय." सुवर्णानं उजवी मूठ वर केली, हळूहळू खाली आणली. "अशी."

कुणी हसलं नाही. मीनाक्षीच्या हातातला मेंदीचा कोन तसाच राहिला होता.

"डाव्या हातात," सुंगबाई म्हणाल्या. डोळे मिटलेलेच होते, आवाज स्पष्ट. "दिवा डाव्या हातात. उजव्या हातानं मी बोटीचा दोर सोडते."

"सॉरी," सुवर्णा म्हणाली, आणि तिनं डावी मूठ वर केली.