क्रमांक ताडून पाहिला नाही

बॉनेट उघडायची गुंडी हातात आली. बोराएवढी, काळी, तिच्यावरचं अक्षर कितीतरी अंगठ्यांनी पुसून टाकलेलं – आणि तिच्यामागून वीतभर तार, तेलकट, टोकाला पिंजलेली. स्टिअरिंगखाली डोकं घालून बसलेल्या एकनाथरावांनी ती पुन्हा भोकात सरकवून पाहिली, आपण काही तोडलेलंच नाही अशा थाटात, आणि ती मुकाट आत गेली, मुकाट बाहेर आली. पुढे, काचेपलीकडे, गाडीचं बॉनेट तसंच बंद. त्यावर कडुनिंबाची दोन पानं पडलेली.

“टूट गयी ना साब?” ड्रायव्हर गौस मियाँ खिडकीशी वाकून म्हणाला. “मैं बोला था, जोर नक्को लगाओ. सुबू से मैं नरमी से खेंच रऊँ.”

नरमीनं. हेच तर... सकाळी दहापासून हा माणूस ही गुंडी अशी ओढत होता जशी झोपलेल्या लेकराच्या अंगाखालून चादर काढावी. चौदा वर्षं गाडी चालवणारा माणूस. टायर बदलताना नट कसे शिव्या देऊन फिरवतो ते मी पाहिलेलं आहे. मग आजच नरमी कुठून आली?

एकनाथरावांनी गुंडी शेरवानीच्या खिशात टाकली. त्याच खिशात तो चौपदरी कागद होता. बोटांना त्याची कड लागली, आणि बोटं लगेच बाहेर आली.

आज मंगळवार. परवा गुरुवारी हैदराबाद राज्य नावाचं काही उरणार नव्हतं. तेलंगण आंध्रात, मराठवाडा मुंबई राज्यात, कानडी जिल्हे म्हैसुरात. माणसं वाटून झाली होती किंवा होत होती. टेबलं, कपाटं, टाइपरायटर वाटून झाले होते. राहिल्या होत्या खात्याच्या अकरा गाड्या, आणि त्यांची यादी पाच वाजेपर्यंत वर पाठवायची होती. यादी एकनाथरावांच्या हातची.

रकाना पहिला: गाडी. रकाना दुसरा: कोणत्या राज्याकडे. रकाना तिसरा: ड्रायव्हर, जो गाडीबरोबर जाईल. रकाना चौथा: इंजिनाचा क्रमांक, स्वतः ताडून पाहून. रकाना पाचवा: शेरा.

दहा गाड्यांची बॉनेटं उघडली, दहा क्रमांक वाकून वाचले, लिहिले. अकरावी ही. काळी. दुसऱ्या रकान्यात मुंबई राज्य, म्हणजे औरंगाबाद. तिसऱ्यात महंमद गौस. चौथा रिकामा. आणि वरून आलेल्या पत्रात स्पष्ट होतं, की ज्या गाडीचा क्रमांक ताडलेला नाही ती पुढचा हुकूम येईपर्यंत आहे तिथेच राहील. गाडी राहील म्हणजे ड्रायव्हरही राहील. हे पत्र ऑफिसात कुणी वाचलं नव्हतं असं नाही.

म्हणून नरमी. म्हणून, गौस मियाँ. कळलं मला. अफझलगंजातलं तुझं ते दोन खोल्यांचं घर, नदीकडून येणारा वास, संध्याकाळी हॉटेलात तासभर पुरवलेला एक प्याला चहा – हे सोडून पन्नाशीच्या उंबऱ्यावर कुठल्या परक्या गावात... मी समजू शकतो. दुसरं कोण समजणार?

“काय करायलाव हो एकनाथराव? आमची गाडी ठेवून घेताव का काय?”

हिम्मतराव. परभणीकडचे, घरी शेतीभाती, इथे सात वर्षं शेजारच्या टेबलावर. त्यांचं सामान आठ दिवसांपूर्वीच बांधून झालं होतं आणि तेव्हापासून ते मुंबई राज्याला ‘आपलं’ म्हणत होते. पांढरी टोपी, हातात पेरू. पेरूची एक फोड त्यांनी गौस मियाँला दिली, एक एकनाथरावांपुढे धरली.

“बॉनेट उघडत नाही.”

“मग कामून उन्हात उभे? जुन्या रजिस्टरात हाये की नंबर. तुम्हीच लिहिलेला. उतरून काढा आन् मोकळे व्हा.”

होता. तेराशे छप्पन फसलीचं, म्हणजे सत्तेचाळीस सालचं रजिस्टर, माह तीर, म्हणजे मे महिन्याचं पान. गाडी नवी आली त्या दिवशी तेव्हाचे मुन्तजिम, म्हणजे हेडक्लार्क, एकनाथ यांनी उजवीकडून डावीकडे, बोरूनं, अशा वळणदार उर्दूत ती नोंद केली होती की खात्याचे प्रमुख नाजिमसाहेब यांनी पान उलटताना हात थांबवला होता. क्रमांकही उर्दू अंकांत. आज ऑफिसात तो वाचू शकणारी माणसं तीन. एकनाथरावांना तर तो पाठ होता. पण...

“जे डोळ्यांनी पाहिलं नाही त्याच्यावर मी सही करत नाही,” ते म्हणाले. “माहीत आहे तुम्हाला.”

“माहीत हाये बाबा. निजामाची शिस्त.” हिम्मतराव हसले. “आन् तुमचा फॉर्म? दिला का? आज शेवटचा दिवस. अहो, तुमच्यासारखा मसुदा लिहिणारा माणूस पाह्यजे तिकडं. आता समदा कारभार मराठीत. तुम्ही बसा नुसतं लिहीत. ती शेरवानी तेवढी हितंच ठेवून या म्हंजे झालं.”

पेरूची फोड हातातच राहिली. गोड असावी. हिम्मतराव निघून गेले, चपला फटफटवत, भल्या मनाचा माणूस, त्याला काय ठाऊक, त्याला काय ठाऊक की त्यानं आत्ता नेमका कुठे –

मला मराठी लिहिता येत नाही.

हे वाक्य एकनाथरावांनी मनातसुद्धा क्वचितच पूर्ण होऊ दिलं होतं. मराठी लिहिता येत नाही. वाचता येते, बोटानं, ओठ हलवत, दुसरीतल्या पोरासारखी, आणि जोडाक्षर आलं की बोट थांबतं. शाळा उर्दू, कॉलेज उर्दू, नोकरी उर्दू. अठ्ठेचाळीसनंतर इंग्रजी, तीही जमवली. वडील कोर्टात वकील, ते म्हणत, मराठी घरात आपोआप येते, उर्दू शिकावी लागते. आपोआप आलीच. बोलायला आली, भांडायला आली, आरत्या आल्या, स्वप्नं पडायला आली. हाताला मात्र नाही आली. हात अजून कागदाच्या उजव्या कडेला जाऊन उभा राहतो आणि मग त्याला धरून डावीकडे आणावं लागतं... सेहेचाळीस वर्षांच्या माणसाचा हात. नारायणगुड्याच्या शाळेत जाणारी कमल, त्यांची लेक, वही पुढे करून विचारायची, बाबा, निबंध बघा ना. आणि बाबा म्हणायचे, आईला दाखव, मला ऑफिसचं आहे. बहिणीची पत्रं अंबाजोगाईहून यायची. ती बायकोच्या, मालनबाईंच्या हाती देऊन ते म्हणायचे, वाच, तुझ्या आवाजात ऐकायला बरं वाटतं. ती लाजायची. अठरा वर्षं ती या एका वाक्यावर लाजत आली आहे आणि ते खोटं आहे. किंवा खोटं नव्हे, पण...

गेल्या पावसाळ्यात चार रविवार ते न्हाव्याकडे जातो सांगून अफझलगंजच्या लायब्ररीत गेले. वर्तमानपत्राच्या घडीत कमलचं जुनं दुसरीचं पुस्तक. कोपऱ्यातलं टेबल. त्यातला कावळ्याचा धडा त्यांनी चार वेळा उतरून काढला. चौथ्या रविवारी खांद्यावर हात पडला – हिम्मतराव! – “लेकीचा अभ्यास घेताव का? झकास!” हो, म्हणाले. पाचव्या रविवारी खरोखर न्हाव्याकडे गेले.

आणि आता खिशातला हा फॉर्म. इंग्रजीत आहे, भरायला पाच मिनिटं. मुंबई किंवा आंध्र. इथे राहिलो तर पुढे तेलुगू येईल, तीही लिहिता येणार नाही, पण निदान ती येत नाही म्हणून कुणाला आश्चर्य वाटणार नाही. परक्याला परकी भाषा येत नाही, त्यात काय. पण तिकडे... सगळी आपली माणसं, टेबलाभोवती, मसुदा पुढे सरकवणार, जरा दोन ओळी लिहा हो एकनाथराव. आणि मी कोणता चष्मा घरी विसरू?

सकाळी मालनबाईंनी डबा देताना विचारलं होतं, “काय लिहिणार आज?”

“बघू.”

“बघू नका. लिहा. मला कुठंही चालेल हो. तुम्हाला कुठं चालेल तेवढं सांगा म्हणजे झालं.”

दिवाळी दोन दिवसांवर. घरात बेसन भाजल्याचा वास. त्या वासातून ते डबा उचलून बाहेर पडले होते.

दोन वाजून गेले. गौस मियाँ गाडीपुढे उकिडवा बसून जाळीतून लोखंडी सळई आत घालून काही चाचपत होता, गाल रेडिएटरला टेकलेला, डोळे मिटलेले. नाटक चांगलं करतो, एकनाथरावांना वाटलं, आणि या वाटण्यात इतकी माया होती की त्यांना एकदम हलकं वाटलं. करू दे. त्याला वाचवणारा मी आहे. सहीबद्दलचं माझं तत्त्व, वरचं पत्र, तुटलेली तार – सगळं कसं एका माणसाच्या उपयोगी पडतं आहे. त्यांनी यादी बॉनेटवरच पसरली, पेन उघडलं, आणि पाचव्या रकान्यात इंग्रजीत लिहिलं, की बॉनेटचं लॉक नादुरुस्त, क्रमांक ताडून पाहिला नाही. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. किती दिवसांनी कुणासाठी काही केलं.

“उठो गौस मियाँ. हो गया.”

“क्या हो गया साब?”

“लिख दिया मैं. गाडी यहींच रहेगी. तुम भी. अब छोडो ये नाटक, जाओ, चाय पियो.”

गौस मियाँ उठला नाही. सळई जाळीतच राहिली. मग तो हळूहळू उभा राहिला, गालावर जाळीचे चौकोन उमटलेले, त्या चौकोनांसकट तो एकनाथरावांकडे पाहत राहिला.

“नाटक?”

“अरे, मैं समझता नै क्या...”

“साब, मेरी बेटी औरंगाबाद में हे. पारसाल शादी करके दिया.” आवाज चढला नव्हता, उतरला होता. “उसकी अम्मा तो गुजर गयी, आपकू मालूम. बीस-पच्चीस दिन में पैला बच्चा होता उसकू. मैं उसकू खत लिखवाके डाला, मैं गाडी लेको आतूँ बोल्को. तीन महिने से गिन रऊँ दिन. और आप लिख दिये? नरमी से कैकू खेंचा मैं? टूट गयी तो खुलतीच नै बोल्को खेंचा!”

कुठेतरी ऑफिसच्या आत टाइपरायटर चालू होता. टक्, टक् टक्. एकनाथरावांना प्रथम वाटलं की राग यावा, उद्धटपणाचा; आला नाही. मग वाटलं आपण माफी मागावी. पण त्यांना नुसतं दिसत होतं – स्वच्छ, भर दुपारी – की सकाळपासून जो माणूस ते पाहत होते, इथून हलायला भिणारा, हे बॉनेट उघडू नये म्हणून मनातल्या मनात हात जोडून उभा असलेला, तो उकिडवा बसलेला नव्हता. तो शेरवानी घालून उभा होता. त्यानंच गुंडी अशी ओढली होती, एका हिसक्यात, तुटेल अशी. मी. मी तोडली. मुद्दाम? नाही... नाही म्हणवत नाही.

“गौस मियाँ,” ते म्हणाले, आणि स्वतःचाच आवाज त्यांना पलीकडच्या गल्लीतून आल्यासारखा ऐकू आला, “मेरेकू मराठी लिखना नै आता.”

“क्या?”

“मराठी. लिखना. नै आता. वहाँ जाके मैं क्या करूँ?”

का सांगितलं? बायकोला नाही, मित्राला नाही, देवापुढेही नाही. सेहेचाळीस वर्षांचं वाक्य एका ड्रायव्हरपुढे, भर उन्हात उभं राहून. आता हा हसेल. उद्या नळावर, कँटीनमध्ये –

गौस मियाँ खरोखर हसला. पण कसा तर, दात न दाखवता, खाली बघत.

“तो क्या हुआ साब? मेरेकू उर्दू लिखना नै आता.”

“उर्दू?”

“अंगूठा मारतूँ ना मैं पगार पे. आपच तो पकडते अंगूठा, हर महिने. बेटी का खत आया तो पानवाले के पास जाके पढवातूँ. अख्खा बाजार सुनता उसकी खैरियत.” त्यानं गालावरचे चौकोन पुसले. “शरम आती थी पैले. अब पानवालाच पूछता, खत नै आया क्या मियाँ.”

दर महिन्याला तो अंगठा. निळ्या पॅडवर दाबलेला, मग कागदावर. मी तो धरत आलो आहे आणि या अंगठ्यामागे कुणी लाजतं आहे हे एकदाही... आणि मग, कशावरून कोण जाणे, एकनाथरावांना घराचं दार दिसलं. मालनबाई बाहेर जाताना शेजारच्या सावित्रीबाईंना निरोप सांगून जातात. हे आले की सांगा, मी मंदिरात गेले, भात झाकून ठेवलाय. नेहमी सावित्रीबाई. ऊन असो, पाऊस असो, सावित्रीबाई गावाला गेल्या तर वरच्या मजल्यावर. ज्या बाईचं अक्षर शाळेत पहिलं यायचं तिनं अठरा वर्षांत नवऱ्यासाठी एकदाही चिठ्ठी ठेवली नव्हती.

एकदाही नाही.

म्हणजे ती लाजायची ते... ती पत्र वाचताना खाली का बघायची... तुम्हाला कुठं चालेल तेवढं सांगा... थांबा. थांब, मालन. केव्हापासून ठाऊक होतं तुला? पहिल्या वर्षापासून? आणि मी इकडे चष्मे विसरत बसलो.

पायांखाली जमीन होती, चांगली टणक, तेलाचे डाग पडलेली. भीती गेली नव्हती. ती समोरच होती, पण तिला आता कडा दिसत होत्या, एखाद्या पेटाऱ्याला असतात तशा – जड, पण दोघांनी धरला तर कदाचित उचलता येईल, कदाचित नाही. फॉर्मवर काय लिहायचं ते त्यांना अजूनही ठाऊक नव्हतं. औरंगाबादचं ते टेबल, त्याभोवतीची माणसं, पुढे सरकवलेला मसुदा अजूनही डोळ्यांपुढून हलत नव्हता. घड्याळात तीनला दहा कमी.

त्यांनी यादी पुन्हा पसरली आणि पाचव्या रकान्यातल्या वाक्यावर आडवी रेघ मारली. नोकरीत पहिल्यांदाच स्वतःचा शेरा खोडला. बाजूला छोटी सही केली. चौथा रकाना रिकामाच होता.

“अंदर तार थोडी बची हे साब,” गौस मियाँ गाडीत शिरत म्हणाला. डोकं स्टिअरिंगखाली, पाय बाहेर, हातात पक्कड. “मैं पकडतूँ. आप सामने से दबाओ. लॉक पे जोर हे उसका, दबाये बगैर छूटता नै.”

“कहाँ दबाऊँ?”

“बीच में. दोनो हाथ से. अब नरमी नक्को.”

एकनाथरावांनी शेरवानीच्या बाह्या वर सारल्या. पत्रा उन्हानं तापलेला होता, तळवे चरचरले. ते पुढे झुकले, टाचा उचलल्या गेल्या, सगळं वजन, सेहेचाळीस वर्षांचं, त्या काळ्या पत्र्यावर आलं आणि आतून कुठूनतरी एक बारीक करकर ऐकू आली – की ती नुसती त्यांच्या मनगटाची होती? ऑफिसच्या दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं. हिम्मतराव असतील. पाहोत. गौस मियाँ आतून ओरडला, और, साब, और. आणि ते दाबत राहिले, दात आवळून, आणि त्यांच्या लक्षात आलं की आज सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना हे उघडायला हवं आहे.