कुडाचं घर

"जावईबापू, जमीन लई गुरगुरतीय. नव्या घरात निजू का कुडात?"

दाराआडून आलेला भिमाबाईचा आवाज. सासू जावयाशी कधी बोलत नसे. त्या पोळ्याला मात्र तिनं धीर केला, कारण जावई नुकताच भूकंपाच्या यंत्रावर नोकरीला लागला होता.

पालीजवळ, धरणाच्या कडेच्या एका खोलीत त्या जावयाची, शहादेवची तेहतीस वर्षं गेली. रोज सकाळी यंत्राच्या फिरत्या ढोलावर नवा कागद गुंडाळायचा, जुना उतरवायचा आणि सुईनं काढलेल्या रेघेशेजारी बारीक अक्षरात लिहायचं. खाणीतला सुरुंग. ट्रॅक्टर. म्हैस भिंतीला घासली. उरलेलं थरथरणं जमिनीचं. देशभरातल्या अशा रेघा जुळवून कुठंतरी नकाशा होतो, एवढंच त्याला ठाऊक.

भूकंप कधी होणार, असं गावात कुणी विचारलं की तो म्हणे, यंत्र झालेलं सांगतं, होणारं न्हाई. मग त्याला कशापायी पोसता, अशी टिंगल व्हायची. तो हसत नसे.

आज नोकरीचा शेवटचा दिवस. आपोआप नोंदी पाठवणारी नवी पेटी बसवायला धनश्री नावाची तरुण अधिकारी आली होती. जुने कागद खोक्यात भरताना एका कागदावर ती थबकली. साल त्र्याण्णव. रेघेचा काळा पट्टा झालेला, सुई कागदाबाहेर गेलेली. शेजारी एक अक्षर नाही.

"काका, इथं काहीच लिहिलं नाही तुम्ही?"

डबा घेऊन आलेली शहादेवची बायको यशोधरा पुढं झाली. तिनं त्या काळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

"यात माझी आई हाय."

मग तीच सांगत राहिली. जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबून आईनं दगडमातीचं घर बांधलं. मागचं पऱ्हाटीच्या कुडाचं खोपट शेळीला दिलं. जात्यावर बसली की गायची,

कुडाच्या घरी माझ्या वारा न पुसता येतो
दगडाच्या घरी बाई दारात उभा ऱ्हातो

भूकंपाच्या त्या पहाटे दगडी घर आईवर बसलं. कूड जसाच्या तसा. यशोधरा पोचली तेव्हा शेळी दाव्याला उभी होती, पान्ह्यानं तटतटलेली. तिची धार काढणारं कुणी उरलं नव्हतं.

"मी किती येळा म्हनले, माझ्या मालकाला इचार. त्यांना यंत्रातलं कळतं. पर न्हाई इचारलं तिनं. लाजंपायी मेली." तिचा आवाज कडू झाला. मेलेल्या आईवरचा हा रुसवा तिनं इतकी वर्षं सोडला नव्हता.

शहादेवनं कानावरची पेन्सिल काढली, कागदाच्या कोऱ्या कडेवर टेकवली. मग न लिहिताच त्यानं ती खाली ठेवली.

"यशोधरा, तिनं इचारलं व्हतं. दाराआडून. मी म्हनलो, यंत्र गप हाय, नव्या घरात निजा."