तो एक खोटा 'हो'

मित्रांनो, मी एक जुना केटमेन आहे. रुंद, गोल पात्याचं, जड फावडंच म्हणा ना. फरगाना खोऱ्यात एकेकाळी माझ्यावाचून कुणाचं पान हलत नसे. आता मी नोर्मत-आकांच्या पडवीत खिळ्याला टांगलेला असतो आणि मला कुणालाच तोंड दाखवावंसं वाटत नाही.

नोर्मत-आका (आमच्याकडे थोरल्या भावाला 'आका' म्हणतात) पाट खणणाऱ्या टोळीचे मुकादम. तीस वर्षं त्यांनी मला वापरलं. दुपारच्या चहाला बसण्याआधी ते मला पाटाच्या पाण्यात ठेवत. लाकूड फुगलं की दांड्यावर पातं घट्ट बसतं. उचलण्याआधी दगडावर दोनदा ठोकून बघत. एवढ्या मायेने कुणी आपल्या अवजाराला जपलं नसेल.

त्या वसंतात टोळीत झोकिर आला. कापसाची गिरणी बंद पडली, म्हणून चाळिशीत हा कारकून मजुरीला लागला. त्याचा पांढरा सदरा पाहून टोळीतला होशिम म्हणाला, "काय साहेब, पाट खणायला आलात की लग्नाला?" सगळे हसले. झोकिर कानापर्यंत लाल झाला.

आकांनी मला त्याच्या हातात दिलं. "दोन माणसांत दोन दांड्यांचं अंतर ठेव. याला भिजवत जा. सकाळी ठोकून बघ. समजलं?"

"समजलं, आका."

त्याला काही समजलं नव्हतं. पण पुन्हा विचारलं तर होशिम हसेल, ही भीती. संध्याकाळी त्याने मला घरी नेलं, रुमालाने कोरडं पुसलं आणि पाहुण्यासारखं उबदार चुलीपाशी ठेवलं. बिचाऱ्याने आदरच केला होता! रात्रभर माझं लाकूड आकसत गेलं. मला ओरडता आलं असतं तर!

सकाळी आकांनी विचारलं, "ठोकून बघितलंस?"

"हो, आका."

पाटाचा उतार दाखवायला आका त्याच्या जवळ आले. तिसऱ्या घावाला माझं पातं निसटलं आणि आकांच्या गुडघ्यात घुसलं. ज्या माणसाने मला जपलं, त्याचंच रक्त मला लागलं.

होशिम झोकिरच्या अंगावर धावला. आका मातीत पडल्या पडल्या म्हणाले, "सोड त्याला. मी हात लावून बघायला हवं होतं."

तो पाय पुन्हा वाकला नाही. मुकादमावाचून टोळीही पांगली.

झोकिरने माझ्यासाठी तुतीचा नवा दांडा घडवला. आता तो रोज येतो, मला भिजवतो, दगडावर दोनदा ठोकतो. माझं पातं इतकं घट्ट कधीच नव्हतं, पण मला घेऊन कामावर जाणारं कुणी उरलेलं नाही.

मित्रांनो, नव्या कामावर गेलात तर लोक हसले तरी चालेल, पण न कळलेलं दहादा विचारा. माझं एवढं ऐका.

रोज आतून आका विचारतात, "ठोकून बघितलंस?"

"हो, आका," झोकिर म्हणतो. आता तो खरं सांगत असतो. आणि झोकिर मला पुन्हा खिळ्याला टांगतो.