कोरा फेरा

सून चिखलीहून जीपनं काळ्या पुडीचा पुडा घेऊन आली, आणि मनकर्णाबाईच्या मनात पाल चुकचुकली. प्रतीक्षा तशी कामाची होती, हात चालता, बोलणं कमी. पण मनकर्णाबाईला कमी बोलणाऱ्या माणसाचाच जास्त संशय यायचा.

"यात जिवाणू आहेत, आत्याबाई," गुळाच्या पाण्यात पूड कालवत प्रतीक्षा म्हणाली. "बियाले लावले की मुळाशी राह्यतात. मर रोगाच्या बुरशीले आत शिरू देत नाहीत."

"म्हंजे जंतूच ना?"

"हाव. पण आपल्या बाजूचे."

जंतूंना बाजू असते, हे मनकर्णाबाई साठाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकत होती. रोगानं पछाडलेल्या वावरात आणखी रोग नेऊन टाकायचा, आणि वर त्याला गूळ चारायचा!

तिचा जीव अडकला होता तो माठात. सासरी आल्यापासून दरसाल ती हरभऱ्याचं बी स्वतः निवडायची, राखेत घोळून माठात भरायची. बारीक, लाल, गोड दाणा. आधी चार माठ भरायचे. मर रोग लागला आणि तीन वर्षांत एकच माठ उरला, जेमतेम एकरभर पेरण्यापुरता. यंदा गेला तर हे बी संपलं. मग दुकानातलं पाकीट आणायचं. पाकीट आणायची कोणाला घाई झाली असेल, याचाही तिनं चुलीपुढं बसून पुष्कळ विचार केला, आणि तो दर वेळी सुनेपाशीच येऊन थांबला.

म्हणून प्रतीक्षा माठ रिकामा करायला येण्याआधीच तिनं ओटीत मावेल एवढं बी काढून फडक्यात बांधून ठेवलं.

पेरणीला तिफण मुलानं, प्रेमनं धरली. मूठ मनकर्णाबाईची. तिफणीमागं चालत चाड्याच्या लाकडी वाटीत दाणे सोडायचे, ना दाट ना विरळ, हे काम तिच्या हाताशिवाय या घरात कोणी केलं नव्हतं. सावलीत वाळवलेल्या बियाची काळी पूड तळहाताला चिकटत होती. हात पाहून तिचा जीव कळवळत होता. वावराच्या मध्यावर आल्यावर तिनं हात पदराला खसाखसा पुसले आणि ओटीत फडक्यातलं कोरं बी घेतलं. तिफणीला तीन फण, जाऊन-येऊन एक फेरा, सहा ओळी. तेवढं तरी वाचेल.

फेरा संपला तशी प्रतीक्षा बांधावरून तांब्या घेऊन आली. मनकर्णाबाई ओंजळीनं पाणी प्यायली, परत पोत्यातलं काळं बी ओटीत भरलं, आणि आपल्या हुशारीवर खूश होऊन चालू लागली.

दीड महिन्यानं हरभरा फुलावर आला, आणि मधे पिवळा पडू लागला.

पुंजाजी, तिचे मालक, वावरातून एक झाड उपटून घरी आले. खोड उभं चिरलं तर आत काळी रेघ. त्यांनी ते प्रतीक्षापुढं टाकलं.

"हे पाय तुह्ये जिवाणू! मधातच मर लागली. आता पसरते का नाही पाय. उद्यापासून माह्या बियाले तुहा हात लागला नाही पायजे."

प्रतीक्षानं झाड उचललं, निरखलं, आणि काही बोलली नाही.

बघा, बोलत नाही, मनकर्णाबाई मनात म्हणाली. चोराला बोलायला तोंड कुठून येणार? आपलं कोरं बी तरी वाचलं का ते पाहावं म्हणून ती दुसऱ्या दिवशी सकाळीच वावरात गेली, आणि बांधावर उभी राहिली ती राहिलीच.

एकरभर हिरवं होतं. इथं तिथं एखादं झाड मेलं होतं, नाही असं नाही. पण मध्यावर पिवळा पट्टा या बांधापासून त्या बांधापर्यंत सरळ गेला होता. मर रोग लागतो तो ठिगळाठिगळानं, कुठंही. तो काय तिफणीनं पेरणी करतो? तिनं ओळी मोजल्या. सहा. पुन्हा मोजल्या. सहाच.

कोणाला कळणार नव्हतं. सुनेवर आळ आलाच होता, तो तसाच राहिला असता. घरी येईपर्यंत मनकर्णाबाई हाच विचार करत होती, आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

पुंजाजी जेवायला बसले होते. प्रतीक्षा खाली मान घालून भाकर वाढत होती.

"आयकलं का," मनकर्णाबाई उंबऱ्यातूनच म्हणाली. "ते मेलेलं बी माह्या मुठीतलं होय. कोरं होतं. मी चोरून पेरलं. पोरीच्या पुडीचं बी हिरवंगार उभं हाय."

पुंजाजींचा घास हातातच राहिला.

"मले मालूम होतं, आत्याबाई," प्रतीक्षा हळूच म्हणाली. "तुमी पाणी पेल्या तवा तुमचे हात साफ होते."

"मंग तवाच काऊन नाही बोलली वो?"

"मले बी त्या पुडीचा पुरा भरोसा नोता. म्हटलं, सहा ओळी कोऱ्या राहू द्या, पायता येईन."

"आन् काल? मामाजी एवढे बोलले तुले!"

"तुमचं नाव घेतलं असतं, तं त्याईनं पेरणीची मूठ तुमच्या हातून काढून घेतली असती."

मनकर्णाबाईचे डोळे भरून आले, आणि त्याचा तिला रागही आला. हरभरा निघाल्यावर तिनं हिरव्या ओळींतलं बी निवडून दोन माठ भरले, आणि राखेनं माखलेला हात सुनेपुढं केला.

"येत्या साली पुडा आणजो. पण एक फेरा माहा कोराच राहीन."

"आता काऊन, आत्याबाई?"

"तुह्यावर भरोसा नाही म्हणून."

"राहू द्या," प्रतीक्षा म्हणाली. "या खेपेले मीच बांधून ठेवतो कोरं बी."